दिवसाचा दर, रात्रीचा दर आणि आमची घरघंटी

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात वीजबिल वाचण्याचे काम माझ्याकडे आले ते मी कॉलेजात दाखल झाल्यावर. त्यापूर्वी बिल आले की आई ते देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवी आणि अण्णांना सुट्टी असेल त्या दिवशी ते जाऊन भरून येत. वाचत कोणीच नसे. त्यात वाचण्याजोगी एकच गोष्ट आहे असे सर्वांना वाटे, ती म्हणजे खालची रक्कम. ती जास्त आली की आई दोन दिवस दिवे मालवीत घरभर फिरे आणि तिसऱ्या दिवशी विसरून जाई. एकदा तिने ते बिल माझ्या हाती दिले आणि म्हणाली, "एवढी शिकतीस, तर ह्यात काय काय लिवलंय ते सांग की." मला सांगता आले नाही. कवितेतले अलंकार ओळखणाऱ्या मुलीला आपल्याच घरचे बिल कळू नये, याची मला त्या दिवशी फार लाज वाटली.

आमची वस्ती शिरूर तालुक्याच्या दक्षिणेला, न्हावऱ्याच्या पुढे, भीमा नदीच्या अलीकडच्या अंगाला आहे. नदी ओलांडली की दौंड तालुका. अण्णा रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत ठेकेदाराकडे कामाला आहेत, पाळ्या बदलत्या. आई खुरपणीला, कांद्याच्या लागणीला, काढणीला रोजाने जाते. तीन वर्षांपूर्वी तिने बचत गटाच्या कर्जातून घरघंटी घेतली. घरघंटी म्हणजे एका हॉर्सपॉवरची, लहान कपाटाएवढी गिरणी. वस्तीवरच्या बाया दळण आणून देतात, किलोला पाच रुपये. महिन्याला दोनशे किलो दळण झाले तर हजार रुपये होतात. ही घरघंटी आली आणि आमचे बिल वाढले. ते किती वाढले आणि का, हे मात्र कोणाला सांगता येत नव्हते.

२०२५ च्या पावसाळ्यात आमच्या वस्तीवरचे मीटर बदलले. त्याआधीच्या वर्षी, म्हणजे २०२४ मध्ये, आधी पैसे भरायचे आणि मग वीज वापरायची अशा प्रीपेड मीटरवरून राज्यभर ओरड झाली होती. सामान्य घरांना प्रीपेड मीटर लावणार नाही असे तेव्हा सरकारने जाहीर केले. नंतर हे नवे मीटर आले तेही नावाने 'स्मार्ट'च, पण बिल महिना संपल्यावर येणारे. तरीही पाराखाली एकच चर्चा, की हा मीटर पळतो. मला त्या चर्चेचे नवल वाटत नाही. ज्याला आकडा वाचता येत नाही त्याला प्रत्येक आकडा पळतानाच दिसणार. मी एक साधी गोष्ट केली. महिनाभर रोज सकाळी मीटरवरचा आकडा वहीत लिहिला आणि त्यापुढे त्या दिवशी घरात काय काय चालले ते लिहिले. आमच्या घरी तरी आकडा वापराच्या मानानेच चालला. दळण जास्त त्या दिवशी जास्त, अमावस्येला घरघंटी बंद त्या दिवशी कमी.

नव्या मीटरला एक गोष्ट कळते जी जुन्याला कळत नव्हती. जुना फक्त किती ते सांगे. हा किती वाजता तेही लिहून ठेवतो. त्यामुळे दिवसाचा दर वेगळा आणि रात्रीचा वेगळा करता येतो. केंद्र सरकारने १४ जून २०२३ रोजी वीजग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली आणि असे मीटर बसले की तासांप्रमाणे दर लावावेत असे ठरवले. उन्हाच्या आठ तासांत दर किमान वीस टक्क्यांनी कमी असावा, गर्दीच्या तासांत घरगुती ग्राहकाला किमान दहा टक्के जास्त. शेतीला यातून वगळले. आपल्याकडे घरांपर्यंत आली ती सवलतीची बाजू. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०२५ च्या दरनिश्चितीनुसार १ जुलै २०२५ पासून, असा मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या विजेवर युनिटमागे ८० पैसे सवलत लागू झाली, आणि पुढील काही वर्षांत ती वाढवीत एक रुपयापर्यंत नेण्याचे ठरले.

दिवसा वीज स्वस्त का, हा प्रश्न मला प्रथम पडला. कारण अण्णांकडून मी लहानपणापासून उलटे ऐकत आले होते. कारखान्याला रात्रीची वीज स्वस्त पडते असे ते सांगत, आणि ते खरे होते. रांजणगाव असो की दौंडजवळचे कुरकुंभ, मोठ्या कारखान्यांच्या बिलात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेला युनिटमागे दीड रुपया सूट असे आणि संध्याकाळी ६ ते १० या वेळेला एक रुपया दहा पैसे जादा पडत. कोळशावरचे वीजकेंद्र हे आपल्या चुलीसारखे नसते, की भाकरी झाली आणि लाकडे ओढून घेतली. एकदा पेटलेला तो मोठा बाष्पक विझवणे आणि पुन्हा पेटवणे फार महागाचे. म्हणून रात्री सारे झोपले तरी तो मंद का होईना चालूच ठेवावा लागतो, आणि त्या विजेला गिऱ्हाईक हवे असते. जगात बऱ्याच ठिकाणी हाच हिशेब होता. इंग्लंडमध्ये १९७८ पासून घरांसाठी रात्रीच्या सात तासांचा स्वस्त दर आहे, त्याचे नावच 'इकॉनॉमी सेव्हन'. तिकडची माणसे रात्री पाणी तापवून ठेवीत आणि दिवसा वापरीत.

मग आपल्याकडे ऊन आले. म्हणजे ऊन होतेच, पण त्याची वीज होऊ लागली. सौर वीज दुपारी भरपूर आणि दिवेलागणीला शून्य. नेमके दिवेलागणीलाच घरोघर दिवे, टीव्ही, मिक्सर, मोटारी सुरू होतात. त्या वेळेसाठी कोयनेसारखे जलविद्युत केंद्र राखून ठेवावे लागते. कोयनेची क्षमता सुमारे १९६० मेगावॅट आहे, पण पाणी लवादाने ठरवून दिले तेवढेच वापरायचे, तेव्हा ते दुपारी उधळून चालत नाही. असा सगळा उलटा पालट झाला आणि २०२५ च्या आदेशात कारखान्यांचीही सवलत रात्रीवरून दिवसावर आली. अण्णांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "मग आमची तिसरी पाळी कशापायी ठेवलीय आता?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

इथे मला थोडे थांबून एक गोष्ट सांगितली पाहिजे. शहरातल्या वाचकाला दिवसाची वीज आणि रात्रीची वीज म्हटले की दर आठवेल. आमच्या वस्तीवर मात्र या शब्दांचा अर्थ फार पूर्वीपासून वेगळा आहे. शेतीपंपाची थ्री फेज वीज पाळीने येते. काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की माझे चुलते बॅटरी आणि काठी घेऊन उसाला पाणी द्यायला जातात. आजी त्या रात्री झोपत नाही. आमच्याच तालुक्यात पिंपरखेड, जांबूत भागात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली, त्यांत लहान मुले होती. लोक रस्त्यावर उतरले, जाळपोळ झाली, शेवटी नरभक्षक ठरवलेल्या बिबट्याला गोळी घातली गेली. त्या दिवसांत शेतकऱ्यांची मागणी एकच होती, आम्हांला दिवसा वीज द्या. राज्य सरकारच्या योजनेमुळे एप्रिल २०२४ पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांना वीजबिल नाही. म्हणजे चुलत्यांच्या विजेला दर नाही, पण वेळ त्यांच्या हातची नाही. आमच्या घरच्या विजेला दर आहे, आणि वेळ आपल्या हातची आहे असे आम्हांला सांगितले जाते. ही दोन्ही कोडी एकाच उन्हाने सुटायची आहेत. शिरूरहून जवळच असलेले, पारनेर तालुक्यातले राळेगणसिद्धी हे २०१७ साली सुरू झालेल्या सौर कृषी वाहिनी योजनेच्या पहिल्या दोन गावांपैकी एक. शेतीच्या वाहिनीला दिवसा सौर वीज जोडायची, ही ती कल्पना. ती सगळीकडे पोचेपर्यंत आजीची झोप मात्र पाळीवरच राहील.

असो. मूळ विषयाकडे येते.

८० पैसे सवलतीची बातमी मी वाचली त्या दिवशी मला फार शहाणपण आले. मी आईला बसवून सांगितले, घरघंटी संध्याकाळी चालवायची नाही. नऊ ते पाचच्या आत दळण उरकायचे. महिन्याला घरघंटीची पंचवीस युनिटे होतात, प्रत्येकी ८० पैसे, म्हणजे वीस रुपये वाचले. आई म्हणाली, "मी खुरपायला जाऊ का दळाया बसू?" मी म्हटले, जमव काहीतरी. वर्तमानपत्रात आले आहे आणि मुलगी कॉलेजात जाते, या दोन गोष्टींपुढे तिचा इलाज चालला नाही.

तिने जमवले ते असे. अण्णांची तिसरी पाळी असते तेव्हा ते सकाळी येऊन झोपतात. आमच्या घरात दिवस म्हणजे अण्णांची रात्र. दोन खोल्यांच्या घरात शेजारी घरघंटी घरघरत असताना कोणी झोपू शकत नाही. पहिले दोन दिवस अण्णा गोठ्यात जाऊन झोपले, तिसऱ्या दिवशी चिडले. मग आईने अण्णांच्या दुसऱ्या पाळ्यांचे आठवडे निवडले आणि त्या आठवड्यांत चार दिवस अर्ध्या रोजावर शेतातून परत आली. मला हे ठाऊक नव्हते. मी कॉलेजात होते. महिन्याचे बिल आले, मी आनंदाने वही काढली. घरघंटीची एकोणीस युनिटे दिवसात बसली होती. सवलत १५ रुपये २० पैसे. मी आईला आकडा सांगितला. तिने चार अर्ध्या रोजांचा आकडा सांगितला. पूर्ण रोज साडेतीनशे, तेव्हा चार अर्ध्याचे सातशे. सातशे रुपये देऊन आम्ही पंधरा रुपये वीस पैसे घेतले होते. ती रागावली नाही. "तुझं खरं आसंल, पण माझं बी खरं हाय," एवढेच म्हणाली आणि पीठ चाळू लागली. ती रागावली असती तर बरे झाले असते.

त्याच सुमारास अर्थशास्त्राच्या तासाला सर सीमांत खर्च शिकवीत होते. एकूण खर्च पाहू नका, शेवटच्या नगाने किती खर्च वाढवला ते पाहा, असे ते म्हणाले आणि फळ्यावर वक्र काढला. मी वहीत वक्राच्या खाली घरघंटी काढली. घरी येऊन जुनी बिले काढली आणि प्रथमच वरपासून खालपर्यंत वाचली.

त्यांत जे दिसले ते मला या लेखात मुख्यत्वे सांगायचे आहे. घरगुती विजेचा दर एक नसतो, त्याच्या पायऱ्या असतात. पहिली पायरी १०० युनिटांपर्यंत, दुसरी १०१ ते ३००, तिसरी ५०० पर्यंत, आणि चौथी त्यापुढे. माझ्या हाती होते ते बिल २०२४-२५ चे. त्या वर्षी पहिल्या पायरीवर वीज आकार युनिटमागे ४ रुपये ७१ पैसे होता आणि दुसऱ्या पायरीवर १० रुपये २९ पैसे. दोन्हींवर वहन आकार १ रुपया १७ पैसे निराळा, म्हणजे ५ रुपये ८८ पैसे आणि ११ रुपये ४६ पैसे. वर स्थिर आकार, आणि साऱ्यावर सोळा टक्के वीज शुल्क. पुढे दर बदलले, पण पहिल्या पायरीपेक्षा दुसरी दुपटीहून उंच, हे बदललेले नाही.

पाराखाली याबद्दल एक गैरसमज आहे तो दूर केला पाहिजे. १०१ वे युनिट पडले की सगळीच युनिटे महाग होतात असे लोक मानतात. तसे नाही. पहिली शंभर त्यांच्याच दराने राहतात, शंभरावरची तेवढी महाग. आमच्या त्या बिलात ११८ युनिटे होती. घरघंटी नसती तर अंदाजे ९३ झाली असती. दोन पंखे, लहान फ्रिज, दिवे, टीव्ही, अर्ध्या हॉर्सपॉवरची पाण्याची मोटार, एवढाच आमचा संसार. म्हणजे घरघंटीची पहिली सात युनिटे स्वस्तात पडली आणि पुढची अठरा दुसऱ्या पायरीवर. सातचे ४१ रुपये, अठराचे २०६ रुपये, वर शुल्क धरून सुमारे २८७ रुपये. आई समजत होती की घरघंटीला दीडशेची वीज लागते. हजाराच्या दळणात २८७ आणि दीडशे यांत फरक आहे.

आता तुलना पाहा. सगळे दळण दिवसा नेले तर वीस रुपये. शंभराच्या वरची अठरा युनिटे कशीही करून कमी केली तर दोनशेहून अधिक. आणि ती कमी करायला घरघंटीला हात लावण्याची गरजही नाही. आमचे दोन जुने पंखे प्रत्येकी सुमारे ७५ वॅटचे आहेत. दिवसाला दहा तास चालले तर दोघांची महिन्याला पंचेचाळीस युनिटे. हल्ली बाजारात सुमारे ३० वॅटचे पंखे मिळतात. एक बदलला तरी साडेतेरा युनिटे कमी, आणि ती कमी होतात ती वरच्या, महागड्या पायरीवरून. तीन हजारांचा पंखा, तो चालतो ते महिने धरले तर, दीड वर्षाच्या आत आपली किंमत फेडतो. दिवसा दळ, रात्री दळू नको, असे आईच्या मागे लागण्याऐवजी मी छताकडे पाहायला हवे होते.

घरघंटीबद्दल आणखी एक. धंद्यासाठी वीज वापरता, तुम्हांला कमर्शियल मीटर घ्यावा लागेल, अशी भीती कोणीतरी आईला घातली होती आणि ती बिचारी नवीन मीटर बसवायला माणसे आली तेव्हा घरघंटीवर गोधडी टाकून उभी होती. राहत्या घराच्या एका भागात लहानसा व्यवसाय असेल आणि महिन्याचा वापर ३०० युनिटांच्या व मागील वर्षाचा ३६०० युनिटांच्या आत असेल, तर घरगुती दरच लागतो, असे दरपत्रकातच नमूद आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी शिलाई मशीन आहे, घरघंटी आहे, शेवयांचे यंत्र आहे. त्यांच्या आयांनी गोधडी टाकण्याचे कारण नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी दौंडला मावशीकडे गेले. गावात तिचा बंगला आहे, भाचीला बंगलाच वाटावा असा. तिच्याकडेही नवा मीटर. तिचे बिल मी मागून घेतले. आता मला बिले पाहण्याची खोडच लागली आहे. २८० युनिटे. त्यांतली नव्वद नऊ ते पाचमधली. सवलत ७२ रुपये. मी मावशीच्या सुनेला विचारले, वहिनी, तुम्ही काय काय दिवसावर नेले? त्या म्हणाल्या, कपड्यांचे मशीन आणि इस्त्री, बाकी काही नाही. म्हणजे नव्वदपैकी सत्तरएक युनिटे आधीपासूनच दिवसाची होती. घरात माणसे दिवसभर असतात, पंखे, टीव्ही, दुपारचा कूलर चालूच असतो. त्यांना काही न करता सवलत मिळाली. आमचे घर दिवसा रिकामे. आमच्याकडे दिवसा चालतो तो एक फ्रिज आणि तिसऱ्या पाळीच्या आठवड्यांत अण्णांच्या उशाचा पंखा. हिशेब केला, अण्णांच्या झोपेला महिन्याला सहा रुपये सूट मिळते.

माझ्या मावसभावाचे म्हणणे असे, की सवलतच आहे ना, कोणाचे काही काढून तर घेतले नाही. मिळेल त्याने घ्यावी. त्याचे म्हणणे खोटे नाही. दिवसा सूर्याची वीज वाया जाण्यापेक्षा स्वस्तात वापरली जावी हे मलाही पटते. माझी तक्रार सवलतीबद्दल नाही, ती ज्या रीतीने सांगितली जाते त्याबद्दल आहे. "घरातली कामे दिवसा उरका आणि बिल वाचवा" असे वाक्य वाचले की ते कोणाला उद्देशून आहे हे पाहावे. कपडे कोण धुतो, इस्त्री कोण करतो, दळण कोण दळतो? ज्या बाईचा दिवस विकलेला आहे, तिच्याजवळ दिवस शिल्लकच नाही, तर ती काय उरकणार? मी स्वतः हे वाक्य आईला ऐकवले आहे, म्हणून इतक्या जोराने लिहिते. आणि दुसरे असे, की लहान ग्राहकाला ८० पैशांची गोष्ट मोठ्या अक्षरांत सांगायची आणि पाच-सहा रुपयांच्या पायरीची गोष्ट बारीक अक्षरांत ठेवायची, हे उलटे आहे. बिलाच्या माथ्यावर एकच ओळ ठळक छापावी: या महिन्यात तुमची इतकी युनिटे शंभराच्या वर गेली, त्यांना इतके रुपये पडले. मग कोणता पंखा बदलायचा ते माझी आई माझ्याआधी ठरवील. तिला लिहिता येत नाही, हिशेब येतो.

आपल्या महाविद्यालयापुरते बोलायचे तर मला एक सुचवावेसे वाटते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, बंधारे घालतो, ते चालूच राहावे. त्यातली एक दुपार बिले वाचायला ठेवावी. प्रत्येकाने पाच घरांची बिले घ्यावीत, पायरी दाखवावी, तासांचे आकडे दाखवावेत, आणि नवा मीटर पळतो असे ज्याला वाटते त्याच्या दारात बसून महिनाभराची वही कशी ठेवायची ते शिकवावे. अर्थशास्त्राच्या सरांना मी हे बोलून दाखवले. ते हसले आणि म्हणाले, आधी माझेच बिल आणतो.

आमच्या दळणाची वेळ शेवटी बदलली, पण माझ्या व्याख्यानामुळे नव्हे. पिंपरखेडच्या घटनांनंतर अंधार पडल्यावर उसाच्या कडेने यायला बाया धजेनात. त्या सकाळी कामावर जाताना डबे आमच्या ओट्यावर ठेवून जाऊ लागल्या आणि उजेड आहे तोवर परत नेऊ लागल्या. आई शेतात, मी कॉलेजात. मग अण्णांची पहिली पाळी असते त्या आठवड्यांत ते चारच्या आत घरी येतात आणि स्वतः घरघंटी लावतात. पहिल्या दिवशी शेजारच्या आजी म्हणाल्या, "आगं बाई, बापय माणूस दळाया बसलाय!" अण्णांनी मान वर केली नाही. ते पीठ थोडे जाड काढतात अशी तक्रार आहे. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यांत डबे साचतात आणि आई संध्याकाळीच दळते, पूर्ण दराने.

दिवाळीनंतर आम्ही एक पंखा बदलला. अण्णांच्या उशाचा. दुसरा पुढच्या वर्षी. मार्चचे बिल परवा आले, आईने ते खिळ्याला अडकवण्याआधी माझ्याकडे आणून दिले आणि समोर उभी राहिली. मी बोट ठेवून वाचले. १०३.

"म्हंजी तीन वर," आई म्हणाली.